पुण्याहून परदेशी दत्तक जाणारं मूल: कागदांचा क्रम आणि तो कुठे चुकतो

मला अधूनमधून एक फोन येतो. "ताई, दत्तकपत्र झालं. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले, पेढेही वाटून झाले. आता व्हिसाला काय काय लागतं तेवढं सांगा." मी विचारते, "घेणाऱ्यांकडे पासपोर्ट कुठला?" पलीकडून उत्तर येतं, "पासपोर्ट आपलाच. ग्रीन कार्ड आहे ना!" मग मला सांगावं लागतं, की त्या दत्तकपत्रावर निदान दोन वर्षं तरी अमेरिकेचा इमिग्रंट व्हिसा मिळणार नाही. आणि घेणारा अमेरिकी नागरिक असता, तर हेच दत्तकपत्र आधी करून ठेवल्यामुळे अडचण आणखी वाढली असती.

मी वकील नाही. दत्तक घेणाऱ्या घरांच्या फायली लावून देते, म्हणून चुका कुठे होतात ते जवळून दिसतं. जवळजवळ प्रत्येक घोटाळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते. लोक आधी मूल ठरवतात, मग दत्तकविधान करतात आणि व्हिसाचा विचार सर्वांत शेवटी करतात. चालायला हवं नेमकं उलटं. खाली मुख्यतः अमेरिकेचं उदाहरण घेतलंय, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न तिथलेच असतात. इतर देशांबद्दल जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय.

टप्पा १: मुलाचा विचार करण्याआधी पालकांचा दर्जा तपासा

कागद-पेन घ्या आणि दोघांच्या नावापुढे लिहा: नागरिकत्व कुठलं, राहण्याचा परवाना कुठला, सध्या मुक्काम कुठे. पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

भारत आणि अमेरिका दोघंही १९९३ च्या हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. करार भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत १ एप्रिल २००८ पासून लागू आहे. त्यामुळे भारतात राहणारं मूल अमेरिकेत दत्तक न्यायचं तर हेगचा रस्ता धरावा लागतो. त्या रस्त्यावर दोन अर्ज येतात. पालक पात्र आहेत का, हे आय-८००ए मध्ये बघतात. हे अमुक मूल त्यांना आणता येईल का, ते आय-८०० मध्ये. हे दोन्ही अर्ज फक्त अमेरिकी नागरिकाला करता येतात. जोडप्यात एक जण नागरिक असला तरी चालतं.

ग्रीन कार्डवाल्यांना हा रस्ता बंद. त्यांना आय-१३० हा नात्याचा अर्ज करावा लागतो. त्यासाठी मूल १६ वर्षांचं होण्याआधी दत्तक झालेलं हवं, दोन वर्षं कायदेशीर ताबा हवा आणि दोन वर्षं मुलाबरोबर प्रत्यक्ष राहिलेलं हवं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना वाटतं, आपल्या मुलाला एच-४ हा कुटुंबीयांचा व्हिसा सहज मिळेल. तिथेही 'मूल' या शब्दाची कायद्यातली व्याख्या तीच आहे, म्हणजे दत्तक मुलाला दोन वर्षांची अट आहेच.

गंमत बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाला इथल्या कारात, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणात, देशातल्या पालकांच्या बरोबरीनं धरतात. इथल्या रांगेत तो पुढे असतो आणि अमेरिकेच्या दारात मागे. जो अमेरिकी नागरिक झाला आणि ज्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत देतो ते) आहे, त्याचं उलट. व्हिसाचा रस्ता त्याला मोकळा असतो, पण इथे थांबावं लागतं. मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तरच ते परदेशी दत्तकासाठी खुलं होतं. अपंगत्व असलेली मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना त्यात प्राधान्य देता येतं.

> सावधान: दोन वर्षांची अट पुरी करायला आई किंवा बाबा मुलाबरोबर पुण्यात येऊन राहणार असतील, तर ग्रीन कार्डची आधी काळजी घ्या. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर री-एन्ट्री परमिट लागतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच भरावा लागतो. इथे येऊन आठवण झाली तर उपयोग नाही. नोकरी सोडण्याआधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्या.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी हे सगळे हेगमध्ये आहेत. तिथे आधी त्या देशाच्या, किंवा कॅनडा-ऑस्ट्रेलियात त्या प्रांताच्या वा राज्याच्या, दत्तक यंत्रणेची मंजुरी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात त्यासाठी सबक्लास १०२ हा वेगळा व्हिसा आहे. संयुक्त अरब अमिराती हेगमध्ये नाही, म्हणून दुबई-अबुधाबीच्या अनिवासी भारतीयांना तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत जावं लागतं.

टप्पा २: मूल संस्थेतलं की नात्यातलं, हे ठरवा

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा सविस्तर.

"बहिणीला तिसरी मुलगी झाली, दादा-वहिनींना मूल नाही, घरातल्या घरात देऊन टाकू." भावना समजते. पण तीन कायद्यांच्या तीन चाळण्या लागतात आणि प्रत्येकीची भोकं वेगळी आहेत.

पहिली चाळणी १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याची. मूल १५ वर्षं पुरी न झालेलं हवं. मुलगा असताना मुलगा आणि मुलगी असताना मुलगी दत्तक घेता येत नाही. घेणारा पुरुष आणि मुलगी असेल, किंवा घेणारी स्त्री आणि मुलगा असेल, तर वयात निदान २१ वर्षांचं अंतर लागतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं दत्तकपत्र या कायद्यात भक्कम पुरावा आहे. देशाबाहेर जायचं असेल तर तेवढ्यावर भागत नाही. २०२१ मध्ये दत्तक नियमांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून या कायद्यानं झालेल्या दत्तकासाठीही जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होऊन काराची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि जायचं त्या देशाची संमतीही लागते.

दुसरी चाळणी २०१५ च्या बालन्याय कायद्याची. यात 'नातेवाईक' म्हणजे मुलाचे सख्खे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. आपण चुलतभावाच्या मुलालाही पुतण्याच म्हणतो, पण कायदा म्हणत नाही. नात्यात बसत असाल तर जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या घराचा अहवाल करतो, जन्मदात्यांची संमती घेतो आणि पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःचीही. "तिला काय कळतंय" हे तिथे चालत नाही, आणि चालू नयेच.

तिसरी चाळणी अमेरिकेची, आणि हीच सर्वांत बारीक. मुलाचे दोन्ही जन्मदाते हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत हे दाखवावं लागतं. कोथरूडमध्ये टू बीएचके, दोघं नोकरीला, दोघं ठणठणीत, तर कुठल्या तोंडानं असमर्थ म्हणणार? हे अर्ज नाकारले जातात, आणि ते अन्यायानं नव्हे. नियम त्यासाठीच केलेला आहे. खोटी गरिबी दाखवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

> तपासा: नात्यातलं मूल आणि अमेरिका, असं समीकरण असेल तर दत्तकपत्राच्या मसुद्याला हात लावण्याआधी टप्पा १ चं उत्तर आणि ही तिसरी चाळणी एकमेकांसमोर ठेवा. दोन्ही जुळत नसतील तर इथेच थांबा.

उलट्या दिशेचाही प्रश्न येतो. पुण्यात राहणाऱ्या भारतीय जोडप्याला परदेशातलं मूल आणता येतं का? येतं. आधी त्या देशाच्या कायद्यानं तिथे दत्तक पूर्ण करायचं. इथून होम स्टडी (पालकांच्या घराचा आणि परिस्थितीचा पाहणी अहवाल), मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय अहवाल काराकडे जातात आणि हेगची मंजुरी कारा देते. मुलाचा पासपोर्ट परदेशी असतो, म्हणून त्या देशातल्या भारतीय वकिलातीतून एन्ट्री व्हिसा घ्यायचा, आणि इमिग्रेशनची परवानगी त्याच वकिलातीमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडून. दत्तक घेतल्यानं मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही, त्याचा अर्ज वेगळा. हा रस्ता फार थोडे लोक घेतात. पुढचे टप्पे पुण्यातल्या संस्थेतून बाहेर जाणाऱ्या मुलांबद्दल आहेत.

टप्पा ३: वयाचं गणित आणि नावांची छाननी

वय आधी बघा. २०२२ च्या दत्तक नियमांत नवरा-बायकोच्या वयांची बेरीज मोजतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती जास्तीत जास्त ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकासाठी हेच आकडे ४०, ४५, ५० आणि ५५. मूल आणि पालक यांच्यात निदान २५ वर्षं हवीत. लग्नाला निदान दोन स्थिर वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. घरात आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेलं किंवा सहज घर न मिळणारं मूल मिळू शकतं. तान्ह्या, निरोगी बाळासाठीची रांग तीन वर्षांहून लांब आहे. आज बेरीज ८३ असली तर रांगेत असतानाच तुम्ही पुढच्या गटात जाल. पहिल्या दिवशीच मोठ्या मुलाचा विचार मोकळेपणानं करा.

अमेरिकेला जायचं असेल तर आणखी एक भिंत आहे. कारा अठरा वर्षांपर्यंतची मुलं दत्तक देते, पण आय-८०० मूल १६ वर्षांचं होण्याआधी दाखल व्हायला लागतो. सख्ख्या भावंडांना यात थोडी सूट आहे.

आता नावं. आपल्याकडे हा स्वतंत्र आजार आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, ग्रीन कार्डवर मधलं नाव गायब, पॅनवर वडिलांचं. इथे ते कुणाला खटकत नाही, कारण कारकुनाला आपली पद्धत माहीत असते. पण होम स्टडी करणारी अमेरिकी सोशल वर्कर या चार बायका समजते. माझ्याच भावाच्या फायलीत वहिनीच्या नावात एका कागदावर इंग्रजी 'ए' एक होता आणि दुसऱ्यावर दोन. त्या एका अक्षरापायी दोन प्रतिज्ञापत्रं, एक जास्तीचा, कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का म्हणजे अ‍ॅपॉस्टिल आणि सहा आठवडे गेले. तेव्हापासून मी पहिल्या भेटीत सगळे दाखले जमिनीवर एका ओळीत मांडते आणि घरातल्या एखाद्या शाळकरी पोराला बसवते, "अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ." मोठ्यांची नजर आपोआप दुरुस्त वाचते, पोरं आहे तेच वाचतात.

अमेरिकेतले कागद तिथे नोटरी करून त्या-त्या राज्याकडून अ‍ॅपॉस्टिल करून यायला हवेत. पुण्यात कॅम्पातल्या नोटरीकडून त्यांवर शिक्का मारून घेतला तर त्याला काही अर्थ नाही.

टप्पा ४: होम स्टडी, आय-८००ए आणि केअरिंग्जवरची नोंद

१. अमेरिकेत हेगसाठी मान्यता असलेली आणि शिवाय काराच्या यादीत असलेली एजन्सी निवडा. दोन्ही मान्यता हव्यात. एकच असेल तर फाइल अर्ध्या वाटेत अडकते.

२. तिच्याकडून होम स्टडी करून घ्या. मुलाचं वय, लिंग, किती मुलं आणि कुठल्या वैद्यकीय गरजा स्वीकारायची तयारी आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

३. त्यावर आय-८००ए दाखल करा. मंजुरीला मुदत असते. बोटांचे ठसेही जुने होतात, म्हणून तारखा कॅलेंडरवर लावून ठेवा.

४. मग ही एजन्सी तुमची नोंद केअरिंग्ज या काराच्या पोर्टलवर करते. तुमची रांग त्या दिवसापासून.

सर्वांत घातक चूक इथे होते. सासऱ्यांच्या सहकारनगरच्या पत्त्यावर 'निवासी भारतीय' म्हणून नोंद करायची, होम स्टडीला महिनाभर रजा काढून यायचं आणि मूल मिळालं की घेऊन जायचं. कारण काय, तर म्हणे "खर्च कमी होतो." व्हिसाच्या टेबलावर तुमच्या पासपोर्टवरचे शिक्के, कराची विवरणपत्रं आणि हा 'पुण्यातला मुक्काम' एकमेकांशेजारी ठेवले जातात. तोपर्यंत मूल तुम्हाला आई-बाबा म्हणू लागलेलं असतं. कुणाचा तरी मार्ग निघाला असेलही. तुम्ही या वाटेला जाऊ नका.

खरोखरच पुण्यात राहून देशांतर्गत दत्तक घेतलं आणि नंतर बदलीनं परदेशी जावं लागलं, तर ती वेगळी गोष्ट. दत्तक होऊन दोन वर्षं व्हायच्या आत जात असाल तर निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी नवा पत्ता कळवायचा असतो, म्हणजे पुढचे पाठपुरावा अहवाल तिथून होतात. आणि मुलाच्या व्हिसासाठी टप्पा १ ची दोन वर्षांची अट पुन्हा वाचा.

> सावधान: "ओळखीच्या डॉक्टरकडे बाळ आहे, कागदपत्रांचं बघून घेऊ" असं कुणी म्हटलं तर तो फोन तिथेच ठेवा. प्रक्रियेबाहेर मूल देणं-घेणं बालन्याय कायद्यात गुन्हा आहे. मुलाची खरेदी-विक्री ठरली तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत आणि एक लाख रुपये दंड. बाल कल्याण समितीनं कायदेशीररीत्या मुक्त घोषित केल्याशिवाय कुठलंही मूल दत्तक देता येत नाही. आईनं मूल समितीपुढे सोपवलं असेल तर विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात, आणि तो तिचा हक्क आहे.

पैशांचंही स्पष्ट. परदेशी दत्तकासाठी इथल्या संस्थेला ५,००० अमेरिकी डॉलर ठरलेले आहेत. तिकडच्या एजन्सीची फी वेगळी. यापलीकडे 'देणगी' मागितली गेली तर पावतीचा आग्रह धरा आणि कारा किंवा महिला व बालविकास आयुक्तालयाला लेखी कळवा. आयुक्तालय पुण्यातच आहे, राणीच्या बागेत.

टप्पा ५: मुलाची माहिती आल्यावर

एक दिवस ईमेल येतो. त्यात फोटो असतो, सीएसआर म्हणजे मुलाचा अभ्यास अहवाल आणि एमईआर म्हणजे वैद्यकीय अहवाल. मूल राखून ठेवायला ९६ तास आणि सही करून स्वीकारायला ३० दिवस मिळतात.

फोटो सगळ्यात शेवटी बघा. सांगणं सोपं, पाळणं अवघड, ठाऊक आहे. तरी निदान आजी-आजोबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो टाकू नका. मुलाची माहिती गोपनीय ठेवणं हा नियम आहे, आणि पुढे 'नाही' म्हणायची वेळ आली तर घरभर सुतक नको.

एमईआर एखाद्या अनुभवी बालरोगतज्ज्ञाला दाखवा. त्यात बघायचं ते एवढं: डोक्याचा घेर आणि वजन यांच्या सलग नोंदी आहेत का, एचआयव्ही आणि कावीळ-बीच्या तपासण्या कधी केल्या, मूल किती महिन्यांचं असताना बसलं आणि चाललं. एकाच तारखेचे आकडे असतील तर मागच्या नोंदी मागा. तुमच्या पसंतीच्या डॉक्टरकडून मुलाची तपासणी करून घेता येते. संकोच करू नका.

> तपासा: आलेलं मूल तुमच्या होम स्टडीत लिहिलेल्या वयात आणि वैद्यकीय गरजांत बसतं का? बसत नसेल तर सही करण्याआधी एजन्सीला सांगा. होम स्टडी सुधारून मंजुरी बदलून घ्यावी लागते. "थोडंसंच जास्त आहे" असं म्हणून पुढे गेलात तर आय-८०० अडकतो.

टप्पा ६: स्वीकृतीपासून आदेशापर्यंत, थांबायचं तिथे थांबा

या टप्प्यात घाई केली तर ती दुरुस्त करणं फार महाग पडतं. क्रम असा:

१. सीएसआर आणि एमईआरवर सही, मग संस्थांमार्फत कारा.
२. आय-८०० दाखल आणि त्याची तात्पुरती मंजुरी.
३. व्हिसा अर्जाचा पहिला भाग, आणि मग दूतावासाकडून हेग कराराच्या कलम ५ चं पत्र (मुलाला अमेरिकेत येऊ देता येईल असं सांगणारं).
४. ते पत्र आल्यावर काराची एनओसी. नियमानं दहा दिवसांत.
५. त्यानंतरच दत्तक आदेशाचा अर्ज. नियमातली मुदत दोन महिने.
६. आदेश आल्यावर कारा कलम २३ चं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक हेग करारानुसार झालं असं सांगणारं) देते.

दुसऱ्या आणि पाचव्या पायरीची अदलाबदल झाली, म्हणजे दत्तक आदेश आधी आणि आय-८०० नंतर, तर अमेरिकी नियमानं अर्ज नाकारतात. मग तो दत्तक आदेश आधी रद्द करून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दत्तकपत्र आधी करून ठेवणाऱ्या नागरिकांचं नेमकं हेच होतं.

आदेश कोण देतं? २०२१ च्या दुरुस्तीनं हे अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. महाराष्ट्रात या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं होतं. तुमचा अर्ज ससूनशेजारच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार की शिवाजीनगरच्या न्यायालयात, हे संस्थेला अर्जाच्या वेळी विचारा आणि विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.

एनओसी मिळाल्यावर, आदेशाची वाट बघताना, मुलाला भारतातच दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याकडे ठेवता येतं. पालकांना रजा मिळत असेल तर ही संधी सोडू नका. आजी-आजोबा इथे मदत करू शकतात, पण पालकांच्या जागी सही करू शकत नाहीत आणि मूल ताब्यात घेऊ शकत नाहीत. मुलाला घ्यायला पालकांनी स्वतः यायचं.

टप्पा ७: पुण्यातले कागद

आदेशाची प्रमाणित प्रत हातात आली की तिथेच, जिन्यात उभं राहून वाचा. मुलाचं नवं नाव, जन्मतारीख, तुमची दोघांची नावं. नाव तीन भागांत, पासपोर्टवर हवं त्याच स्पेलिंगनं. इथल्या चुकीची दुरुस्ती आत्ता आठवड्याभरात होते. पुढे तीच चूक जन्मदाखल्यात, पासपोर्टमध्ये आणि व्हिसात उतरली की चार कार्यालयं फिरावी लागतात.

मग जन्मदाखला, ज्यात आई-वडील म्हणून तुमची नावं येतात. अर्ज संस्था करते आणि नियमानं पाच कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा. निबंधक कार्यालयात हा नियम ठाऊक नसलेलं कुणी भेटलंच, तर दत्तक नियमांतल्या त्या पानाची छापील प्रत पुढे करा. वाद घालू नका. प्रत दिली की काम हलतं.

पासपोर्टची अपॉइंटमेंट मुंढव्याच्या सेवा केंद्रात. नेण्याचे कागद: आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र, एनओसी, जन्मदाखला, दोन्ही पालकांचे पासपोर्ट, आणि सगळ्यांच्या मूळ प्रती. दत्तक मुलांना तत्काळ मिळत नाही, म्हणून एजंटला पैसे देऊ नका. परदेशी दत्तकासाठी नियमातली मुदत दहा दिवसांची आहे. सकाळची वेळ घ्या आणि बरोबर खाऊ ठेवा. नवीनच आई-बाबांबरोबर आलेलं तीन वर्षांचं पोर तिथल्या टोकनच्या आवाजाला घाबरतं.

टप्पा ८: दिल्ली, आणि त्याआधी संस्थेतली एक दुपार

अमेरिकेसाठी दत्तक मुलांच्या व्हिसाचं काम दिल्लीच्या दूतावासात होतं. मुंबईत बीकेसीला मावशी राहते म्हणून तिथे अपॉइंटमेंट शोधत बसू नका. आधी दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. दोन वर्षांवरच्या मुलाची क्षयरोगासाठी रक्ताची तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासण्यांत दिवस जातात, म्हणून परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. दहा वर्षांपर्यंतच्या दत्तक मुलांना काही लसी तिकडे पोहोचल्यावर घेण्याचं प्रतिज्ञापत्र चालतं.

आय-८०० ची अंतिम मंजुरी आणि व्हिसा इथे मिळतो. दत्तक भारतात पूर्ण झालेलं असेल तर तो आयएच-३ असतो. सीलबंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही. मूळ कागद हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

आता त्या दुपारबद्दल. दिल्लीला निघण्याआधी संस्थेतल्या ज्या ताई मुलाला भरवतात, त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. भात मऊ लागतो की मोकळा? दूध वाटीनं की बाटलीनं? झोपताना पाठीवर थोपटतात की केसांतून हात फिरवतात? रात्री पाणी मागताना कुठला शब्द वापरतो? एका मुलीला 'मम्मम' म्हणजे पाणी हवं असायचं. नव्या आईनं आठ दिवस तिला भात दिला. ताईंच्या आवाजातलं अंगाईगीत फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि मुलाची पांघरायची चादर मागून घ्या, न धुता.

टप्पा ९: पोहोचल्यावर

आयएच-३ व्हिसावर, १८ वर्षांच्या आत, नागरिक पालकाबरोबर राहायला गेलेलं मूल अमेरिकेत पाऊल टाकताच नागरिक होतं. २००० च्या कायद्याची ही तरतूद. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालानं येतं, म्हणून अर्जावरचा पत्ता बरोबर हवा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि मुलासाठी ओसीआयचा अर्ज करायचा. पुढच्या गणपतीला यायचं ठरवलं असेल तर हे काम आधी उरका.

पाठपुरावा अहवाल दोन वर्षं जातात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. ते एजन्सीचं काम आहे, पण तारखा तुम्हीही लक्षात ठेवा.

सीएसआर, एमईआर, समितीचा मुक्ततेचा आदेश, एनओसी, दत्तक आदेश आणि अनुरूपता प्रमाणपत्र या सगळ्याचे दोन संच करा. एक तिकडे. दुसरा पुण्यात, लॉकरमध्ये, आणि लॉकरवर कुणाकुणाचं नाव आहे ते आधी बघून घ्या. अठरा वर्षांचं झाल्यावर मुलाला आपल्या मुळांचा शोध घ्यायचा अर्ज करता येतो, आणि तेव्हा त्याला पहिला लागतो तो यातलाच एखादा कागद.